पेटी आली की लगेच फोन करा : टपाल आणि पार्सल सेवेतल्या सर्वांना खुलं पत्र

टपाल आणि पार्सल सेवेतले अधिकारी, छाननी करणारे, वाहनचालक, घरोघर जाणारे आणि खिडकीवर बसणारे, सर्वांना सप्रेम नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी माझी मधमाश्यांची पेटी तुमच्यासारख्याच एका कार्यालयात पोहोचली. मला ते कळलं सोमवारी सकाळी. मी धावत गेले तेव्हा पेटी कोपऱ्यात भिंतीला चिकटून होती. वर दोन खोकी, बाजूला एक गोणी, आणि खिडकीतलं ऊन थेट तिच्यावर. अशी पेटी उचलली की एरवी तळहाताला हलकी थरथर जाणवते. त्या दिवशी जाणवली नाही. जाळीला कान लावला, तर आतून फक्त कुठेतरी एखाद्या पंखाची फडफड. तळाशी माश्यांचा चार बोटं जाड थर पडला होता. ओला, काळा, चकचकीत, एकमेकींना चिकटलेला. वरच्या बाजूला राणीच्या पिंजऱ्याभोवती मूठभर माश्या तेवढ्या जिवंत होत्या.

खिडकीवरचे गृहस्थ खरोखर हळहळले. म्हणाले, "ताई, शनिवारी फार आवाज करत होत्या. मग शांत झाल्या. आम्हाला वाटलं, निजल्या."

त्यांच्यावर माझा राग नाही. मोठा आवाज म्हणजे मदतीची हाक आणि मग पसरलेली शांतता म्हणजे मरण, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं आम्ही, माश्या मागवणाऱ्यांनी आणि पाठवणाऱ्यांनी. ते राहून गेलं, म्हणून हे पत्र.

त्या पेटीत काय असतं ते आधी सांगते. बाहेरून दिसते ती लाकडी चौकट, दोन बाजूंना बारीक जाळी, वर झाकण आणि 'जिवंत मधमाश्या' अशी चिठ्ठी. आत साधारण १.४ किलो माश्या, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. मधोमध साखरेच्या पाकाचा डबा उलटा बसवलेला. त्याच्या तोंडाला टाचणीने पाडल्यासारखी बारीक भोकं असतात, त्यांतून माश्या पाक चोखतात. डब्याशेजारी आगपेटीएवढा एक पिंजरा आणि त्यात राणी, सोबत तिला भरवणाऱ्या मोजक्या सेविका. राणीला वेगळं ठेवतात, कारण ती या माश्यांची आई नसते. माश्या निरनिराळ्या वसाहतींमधून झटकून गोळा केलेल्या असतात आणि राणी दुसरीकडेच वाढवलेली असते. तिला एकदम त्यांच्यात सोडलं, तर परकी म्हणून त्या तिला मारून टाकतील. तिचा वास ओळखीचा व्हायला काही दिवस जावे लागतात, आणि ही ओळख होते ती तुमच्या गाड्यांत आणि गोदामांत.

पेटीत पोळं नसतं. मध नाही, अंडी नाहीत, पिल्लं नाहीत. घर सोडून निघालेल्या वाटसरूंसारखी त्यांची गत असते आणि शिदोरी काय ती तेवढा एक डबा.

मधमाश्या टपालाने पाठवणं हे आजकालचं खूळ आहे, असं काहींना वाटतं. तसं नाही. १८८० च्या दशकात फ्रँक बेंटन या अमेरिकी मधमाशीतज्ज्ञाने राणीसाठी लाकडी ठोकळ्याचा पिंजरा तयार केला. ठोकळ्यात ओळीने तीन गोल खळगे, वरून जाळी, आणि टोकाच्या एका खळग्यात पिठीसाखर मळून केलेला घट्ट गोळा. त्या गोळ्यावर राणी आणि तिच्या सेविका लांबचा प्रवास काढू शकत. तोच पिंजरा, जवळजवळ त्याच रूपात, आजही वापरात आहे. जागतिक टपाल संघाच्या नियमांतही जिवंत प्राणी टपालात घ्यायला एरवी मनाई असली, तरी मधमाश्या, जळवा आणि रेशीमकिडे यांना मुभा आहे. अमेरिकेच्या टपाल खात्यात राणी विमानाने पाठवता येते आणि तिच्यासोबत आठपर्यंत सेविका चालतात. म्हणजे तुमच्या आधीच्या किती पिढ्यांनी हे जीव हाताळले आहेत! नियमात त्यांची जागा पक्की आहे. रोजच्या कामात मात्र ती पेटी कुठे ठेवायची, हे अजून ज्याच्या त्याच्या अंदाजावर चालतं.

आता उन्हाबद्दल. एवढे जीव जाळीत कोंबलेले दिसले की माणसाला वाटतं, यांना थंडी बाधेल. म्हणून कुणी पेटीवर पोतं टाकतं, कुणी ती गरम खोलीत नेऊन ठेवतं. हेतू चांगलाच असतो, पण नेमकं उलटं होतं. मधमाश्या आपली ऊब आपणच तयार करतात. उडण्याचे स्नायू, पंख न हलवता, नुसते थरथरवले की उष्णता निघते. पिल्लं असलेल्या पोळ्यात त्या तापमान ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात, बाहेर बर्फ असला तरी. जपानमधल्या मधमाश्या तर हल्ला करणाऱ्या मोठ्या गांधीलमाशीला शेकड्यांनी वेढतात आणि अंगाच्या उष्णतेने तिला भाजून मारतात. त्या घोळक्याच्या आत पारा ४६ अंशांच्या वर जातो. हीच ताकद बंद पेटीत त्यांच्या जिवावर उठते. पेटी आदळली, उन्हात राहिली, वारा बंद झाला की माश्या अस्वस्थ होतात. अस्वस्थ झाल्या की हालचाल वाढते, हालचालीने पेटी आणखी तापते. गार करण्यासाठी त्या जिवाच्या आकांताने पंख मारतात, पोटातला पाक बाहेर काढून पसरतात. तुम्हाला ऐकू येतो तो हाच मोठा आवाज. शेवटी एकमेकींना धरून केलेला घोस सुटतो, माश्या तळाशी पडतात आणि पाकाने भिजून एकमेकींना चिकटतात. माझ्या पेटीत तो काळा चकचकीत थर होता तो असा.

थंडीचं तसं नसतं. १५ अंशांच्या आसपास, अंधाऱ्या, हवा खेळती असलेल्या खोलीत पेटी ठेवली तर माश्या डब्याभोवती एकच घट्ट घोस करून शांत बसतात. एखाद्या लटकत्या फळासारखा तो घोस दिसतो. जाळीवर हलकेच टिचकी मारली तर आतून 'हुंऽऽ' असा एक हुंकार येतो आणि क्षणात विरतो. हा तब्येत ठीक असल्याचा आवाज. सतत, चढत जाणारा, थांबतच नाही असा गोंगाट म्हणजे पेटी तापते आहे. एवढे दोन आवाज ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

एप्रिल २०२२ मध्ये काय झालं ते तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून अलास्काला निघालेल्या सुमारे ५० लाख मधमाश्यांचं सामान मार्ग बदलून अटलांटाला पोहोचलं आणि तिथे विमानतळावर उघड्यावर, उन्हात राहिलं. बातमी कळताच आसपासचे मधपाळ जमेल तेवढं वाचवायला धावले, तरी बहुतेक माश्या मेल्या. ती पाठवणी मोठी होती म्हणून बातमी झाली. एका खोलीत, एका कोपऱ्यात, एका माणसाची एक पेटी मरते तेव्हा कुणाला कळतही नाही.

भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण पेट्या कोपऱ्यात ढकलल्या जातात त्या बहुतेक वेळा भीतीपोटी. पेटीच्या बाहेर जाळीला पाच-पंधरा माश्या चिकटलेल्या दिसल्या की लोक म्हणतात, पेटी फुटली. क्वचित खरंच एखादी फट पडलेली असते आणि ती चिकटपट्टीने बुजवता येते. पण बहुतेकदा त्या भरतानाच बाहेर राहून गेलेल्या असतात आणि आतल्या वासामुळे पेटी सोडत नाहीत. त्यांना इकडेतिकडे जायचं नसतं, आत जायचं असतं. पोळं आणि पिल्लं राखायची नसली की मधमाशी बरीच सौम्य असते. पेटी सरळ धरून, न आदळता, दोन्ही हातांनी लाकडी भागाला धरून उचला. जाळीवर बोटं टेकवू नका. एखादी डसलीच, तर नखाने खरवडून नांगी लगेच काढा आणि तिथून बाजूला व्हा, कारण डंखासोबत सुटणाऱ्या वासाने दुसऱ्या माश्याही चवताळतात. त्या वासातला मुख्य पदार्थ पिकल्या केळ्याच्या वासाचा असतो. डंखाची ज्यांना ॲलर्जी आहे अशा सहकाऱ्याला मात्र या पेटीला हात लावायला लावू नका. त्याने नकार दिला तर तो बहाणा समजू नका. आणि एक कळकळीची विनंती : ज्या खोलीत पेटी आहे तिथे झुरळ-मुंग्यांसाठी औषध फवारू नका. माश्या बाहेर दिसल्या म्हणून पेटीवरच कीटकनाशक मारल्याचंही मी ऐकलं आहे. त्यानंतर त्या पेटीत उरतं ते फक्त लाकूड.

तुमच्या हातून सुटल्यावर पेटीचं पुढे काय होतं, हे तुम्हाला कधी पाहायला मिळत नाही. ते पाहिलंत तर एका दिवसाच्या उशिराचा हिशेब तुमचा तुम्हीच मांडाल.

घरी आणल्यावर मी आधी पेटी सावलीत, गार जागी ठेवते आणि मऊ फवाऱ्याने जाळीवर पातळ साखरपाणी शिंपडते. थोडंच, माश्या चिंब होता कामा नयेत. लगेच शेकडो इवल्या जिभा जाळीतून बाहेर येतात. प्रवासात तहानलेल्या माश्या पाणी पिताना पाहणं हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा क्षण आहे. तळाशी बोटभर मेलेल्या माश्या असणं स्वाभाविक आहे, त्याने नवख्यांनी घाबरू नये. भरतानाच काही म्हाताऱ्या असतात.

संध्याकाळी ऊन उतरलं की त्यांना मधपेटीत, म्हणजे त्यांच्या कायमच्या घरात, घालायचं. भर दुपारी घातल्या तर उडून भरकटतात. सांजेला निमूट घरात शिरतात. मधपेटी आधीपासून तयार हवी. पेटी दारात आल्यावर फ्रेमला, म्हणजे पोळं बांधायच्या लाकडी चौकटींना, खिळे ठोकत बसणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनाही मी हेच सांगते की, टपालवाल्यांना दोष देण्याआधी आपलं घर तयार ठेवा. पाकाचा डबा काढायचा, राणीचा पिंजरा अलगद बाहेर घ्यायचा आणि ती जिवंत आहे ना, चालते आहे ना, ते पाहायचं. पिंजऱ्यावरच्या माश्यांकडेही बघायचं. त्या जाळीवर सैलपणे फिरत असतील, जिभा आत घालून राणीला भरवत असतील, तर ओळख झाली. जाळी जबड्यात धरून घट्ट चिकटल्या असतील, कुंचल्याने हलवल्या तरी सुटत नसतील, तर अजून वैर आहे. राणीला सोडायची घाई करायची नाही. मग गोळ्याच्या बाजूचं बूच काढायचं आणि पिंजरा दोन फ्रेमच्या मध्ये असा अडकवायचा की जाळी माश्यांना मोकळी मिळेल आणि गोळ्याचं टोक वरच्या अंगाला राहील. माझ्या पहिल्या वर्षी मी तो उलटा टांगला होता. आत मेलेल्या एका सेविकेने खालची वाट बंद केली आणि राणी आठ दिवस कोंडून राहिली. माश्या बाहेरून आणि राणीच्या सोबतिणी आतून तो गोळा कुरतडतात, तीन-चार दिवसांत वाट मोकळी होते आणि राणी आपल्या पावलांनी बाहेर येते.

पिंजरा लावून झाला की पेटी एकदा जमिनीवर हलकेच आपटायची, म्हणजे सगळ्या तळाशी गोळा होतात, आणि चार फ्रेम काढून केलेल्या मोकळ्या जागेत त्यांना ओतायचं. हो, ओतायचं; दाण्यांच्या राशीसारख्या त्या सरसर घसरतात. राहिलेल्या काही पेटीत तशाच चिकटून असतात. ती पेटी मधपेटीच्या दाराशी टेकवून ठेवली की थोड्याच वेळात दारात एक रांग लागते. पहिल्या पोहोचलेल्या माश्या तोंड घराकडे, पोट वर करून उभ्या राहतात आणि पंख मारू लागतात. पोटाच्या टोकाशी एक छोटी ग्रंथी उघडते आणि तिचा वास हवेत पसरतो. गवती चहाशी जवळचं नातं असलेला तो वास असतो. 'घर इथे आहे' असा त्याचा अर्थ. मागे राहिलेल्या, वाट चुकलेल्या, इतके दिवस पेटीला बाहेरून चिकटून आलेल्यासुद्धा त्या वासाच्या मागे आत जातात.

हिशेब सुरू होतो तो दुसऱ्या दिवसापासून. कामाच्या हंगामात कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. पेटीतल्या सगळ्याच तरुण नसतात. कित्येकींचे दोन-तीन आठवडेच उरलेले असतात. राणी सुटायला तीन-चार दिवस. ती अंडी घालणार कशात? पोळं शून्यातून बांधायचं असतं. साधारण १२ ते १८ दिवसांच्या माश्यांच्या पोटाखालून मेणाच्या पातळ खपल्या निघतात, त्या चावून मऊ करून त्या एकेक घर उभं करतात. या कामाला साखर अतोनात लागते, म्हणून पोळी बांधून होईपर्यंत, फुलोरा कितीही असला तरी, मी समभाग साखर आणि पाणी यांचा पाक देत राहते. मग राणी अंडी घालू लागते. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस. सगळं मिळून जवळजवळ चार आठवडे या वसाहतीत एकही नवी माशी जन्मत नाही. रोज थोड्या मरतात, भर काहीच पडत नाही. आणि राणी अंडी घालते तीसुद्धा जेवढ्या पिल्लांना ऊब द्यायला माश्या आहेत तेवढीच. पार्सलखोलीत एका दुपारी तीन हजार गेल्या, तर त्या तीन हजारांवर गोष्ट थांबत नाही. ज्यांनी मेण गाळलं असतं, पिल्लं पांघरली असती, पराग आणला असता, त्या गेल्या. एवढा घाटा भरून काढता काढता फुलांचा हंगाम निघून जातो.

राणीचं नुकसान याहून छुपं असतं. आयुष्याच्या सुरुवातीला काही उड्डाणांत ती अनेक नरांशी मीलन करते आणि ते लाखो शुक्राणू पोटातल्या एका बारीक पिशवीत साठवते. पुढे दोन-तीन वर्षं, कधी अधिकही, तोच साठा पुरवायचा असतो. पुन्हा मीलन नाही. २०१६ मध्ये जेफरी पेटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी राण्यांच्या पार्सलांसोबत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं पाठवली होती. प्रवासात पारा किती वर आणि किती खाली जातो ते त्यांतून दिसलं. प्रयोगशाळेत ४० अंशांना किंवा ५ अंशांना काही तासच ठेवलेल्या राण्यांच्या साठ्यातले जिवंत शुक्राणू घटलेले आढळले. राणी मात्र जिवंत होती, चालत होती.

त्या सोमवारी माझ्या पेटीत उरलेली राणी अशीच जिवंत होती, चालत होती. मी तिला दुसऱ्या वसाहतीतल्या माश्यांच्या आधाराने वसवलं. तिने अंडी घातली, मला फार बरं वाटलं. दोन महिन्यांच्या आत कामकरी माश्यांच्या घरांवर उंच, घुमटासारखी झाकणं दिसू लागली. म्हणजे आत नर वाढत होते : साठ्यातले शुक्राणू मेले की अंड्यांचं फलन होत नाही, आणि फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो. नर मध गोळा करत नाहीत, पिल्लं सांभाळत नाहीत. वसाहत नरांनी भरली आणि संपली. अशा वेळी नवखा मधपाळ राणी वाढवणाऱ्याला फोन करून भांडतो. बंद गाडीतली ती दुपार कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तपासणी आणि विलगीकरण करणाऱ्यांना वेगळं सांगते : तुमचं काम मला अडथळा वाटत नाही. माश्यांच्या ने-आणीतूनच वरोआ हा परजीवी आशियातल्या मधमाश्यांवरून एपिस मेलिफेरा या पाश्चात्त्य मधमाशीवर आला आणि जगभर पसरला. ऑस्ट्रेलियाने त्याला कितीतरी वर्षं दूर ठेवलं होतं. २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ तो सापडलाच. अमेरिकेने अशाच भीतीपोटी १९२२ मध्येच बाहेरच्या मधमाश्यांवर कायद्याने बंदी घातली. युरोपीय संघ बाहेरून राणी घेतो ती जास्तीत जास्त २० सेविकांसह, आणि पोहोचल्यावर त्या सेविका काढून प्रयोगशाळेत तपासतो. हे कडक आहे आणि असायला हवं. माझं म्हणणं एवढंच की कागद पाहायला लागणारा वेळ पेटीने सावलीत घालवावा, आणि कागद आधी मागवता येत असतील तर आधी मागवावेत. नव्या मधपाळांसाठी जाता जाता : पेटीतून आलेल्या माश्यांवर वरोआ असेल तर बंद घरांत लपायला त्याला पिल्लंच नसतात. पहिली पिल्लं मेणाने झाकली जाण्याआधीचे आठ-दहा दिवस ऑक्झॅलिक आम्लाच्या उपचारासाठी सर्वांत चांगले. ते तुमच्याकडे वापरायला मान्यता असलेल्या पद्धतीनेच करा आणि ती संधी दवडू नका.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. पेटी आली की पत्त्यावरच्या नंबरवर फोन करा. पहाटे असो, रात्री असो. आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ, घरपोच देण्याची गरज नाही. तोवर ती जमिनीवर, सावलीत ठेवा, जाळीच्या दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवा आणि वर काही रचू नका. एकाहून जास्त पेट्या असतील तर त्यांच्यामध्ये लाकडाच्या पट्ट्या घाला. प्लास्टिकने गुंडाळू नका. बंद गाडीत उन्हात उभी ठेवू नका, जेवायला जातानासुद्धा नाही. आठवड्याच्या शेवटी कार्यालय बंद होण्याआधी एकदा खोलीत नजर टाका, अशी पेटी राहिली नाही ना. फोन लागला नाही, दोन दिवस कुणी आलं नाही, तर जवळपासच्या एखाद्या मधपाळाला कळवा. अनोळखी माणसाच्या माश्या वाचवायला आमच्यातला कुणीही येईल. अधिकाऱ्यांना विनंती, की हे एका कागदावर छापून प्रत्येक छाननी केंद्राच्या भिंतीवर लावा. बदलीवर आलेल्या नव्या माणसालाही ते दिसायला हवं.

आमच्या बाजूचंही कबूल करते. शुक्रवारी पाठवू नका, सोमवारी पाठवा, हे पाठवणाऱ्यांना सांगणं आमचं काम. उष्णतेच्या लाटेत पाठवणी पुढे ढकलायची तयारी आमची हवी. फोन नंबर झाकणावर ठळक हवा, पावतीच्या कोपऱ्यात नको. आणि फोन वाजला की उचलायला हवा. मागवून ठेवून गावाला जाणारे मधपाळ मी पाहिले आहेत आणि त्यांच्या माश्या तुमच्या खोलीत मेल्या तर तो दोष तुमचा नाही.

त्या सोमवारनंतरच्या वसंतात दुसऱ्या एका कार्यालयातून मला पहाटे पावणेपाचला फोन आला होता. रात्रपाळीची एक मुलगी होती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या माश्या आल्यात. मी त्यांना पंख्याखाली ठेवलंय, चालेल ना? गाडीवाल्या दादांनी सांगितलं, उन्हाच्या आधी घेऊन जा." मी पोहोचले तेव्हा ती खुर्ची घेऊन पेटीपासून चार हात लांब बसली होती. घाबरलेली होती, पण राखण करत होती. त्या वसाहतीने पुढे दोन हिवाळे पाहिले.

पुढच्या आठवड्यात माझ्या दोन पेट्या निघताहेत. सोमवारी निघतील, बुधवारी किंवा गुरुवारी तुमच्याकडे असतील. झाकणावर जाड काळ्या शाईने माझा नंबर लिहायला सांगितला आहे. मधपेट्या धुऊन, वाळवून मांडून ठेवल्या आहेत, पाक उद्या करते. फोन उशाशी ठेवून निजेन. कितीही वाजता आल्या तरी उठवा.

आपली,
एक मधपाळ